बिनलढाईचे शहर

२०१४ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून एक पाहुणा मुक्कामाला आला होता. पाहुणा मातीचा होता. लांबीला वीतभर, पोटात फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. एखाद्या पोराच्या गळ्यात अडकवावा असा इवलासा मृदंगच म्हणा ना! मात्र त्याच्या सर्वांगावर कीलाकार लिपीतली बारीक अक्षरे उमटवलेली होती, आणि ती अडीच हजार वर्षांपूर्वीची होती.

मी एका रात्रशाळेत इतिहास शिकवतो. माझे विद्यार्थी दिवसा कामावर असतात. कोणी खानावळीत वाढपी, कोणी छापखान्यात, कोणी घरोघर पाकिटे पोचवणारा. रविवार गाठून त्यांच्यातल्या नऊ-दहा जणांना मी हा पाहुणा दाखवायला नेले होते. काचेसमोर उभा राहून मी मोठ्या थाटात सांगू लागलो, की हा इराणच्या सायरस राजाचा लेख. बाबिलोन म्हणजे त्या काळी ज्याच्या नावाचा डंका वाजत होता असे शहर. ते याने रक्ताचा थेंब न सांडता घेतले, तिथल्या देवांना मान दिला, परमुलखातून धरून आणलेल्यांना घरी जाऊ दिले. सगळे तोंडे उघडी टाकून ऐकत होते. त्यांच्यातला एक जण एका इमारतीवर रखवालदारीचे काम करायचा. त्याने विचारले, ‘‘गुरुजी, एवढं मोठं शहर बिनलढाईचं दिलंच कसं? दरवाजावर कोणी नव्हतं का?’’

मी म्हणालो, ‘‘राजा चांगला होता म्हणून दिलं.’’

त्याने मान हलवली. पण ती पटल्याची मान नव्हती; गुरुजींचा मान राखायचा म्हणून हलवलेली मान होती. मास्तरकी करणाऱ्याला हा फरक लांबूनही कळतो.

वाचकहो, मी काही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. ग्रीक, इराणी, बाबिलोनी यांपैकी एकाही भाषेचे अक्षर मला वाचता येत नाही. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून गोष्ट कुठे शिवलेली आहे तो टाका तेवढा मला दिसतो. त्या रविवारपासून या राजाविषयी भाषांतरांतून जे जे हाती लागले ते वाचत गेलो, आणि आपण त्या रखवालदाराला दिलेले उत्तर चुकीचे होते हे हळूहळू ध्यानात येत गेले. ती हकीकत आज फराळाच्या ताटाबरोबर आपल्यापुढे ठेवतो आहे.

प्रथम नावाचे. सायरस हे आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने आलेले नाव. त्याच्या स्वतःच्या भाषेत तो कुरुश. मराठी बायबलात तो कोरेश म्हणून भेटतो. इ. स. पूर्व ५५९ च्या सुमारास तो अनशानच्या गादीवर बसला. आजच्या इराणमधले शीराज शहर ज्या डोंगराळ मुलखात आहे त्याच मुलखातले हे एक लहानसे राज्य. आणि भोवती राज्ये कसली! उत्तरेला मीडिया, पश्चिमेला पार समुद्रापर्यंत लिडिया, दोन नद्यांच्या खोऱ्यात बाबिलोन, त्याही पलीकडे इजिप्त. या चारांपैकी तीन सायरसने आपल्या हयातीत घेतली. चौथे त्याच्या मुलाने, कॅम्बिसिसने, इ. स. पूर्व ५२५ मध्ये घेतले.

आता त्याच्या जन्माची कथा ऐका. हिरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने ती सांगितली आहे. मीडियाचा राजा अस्त्यागस याला स्वप्न पडले, की आपल्या मुलीच्या पोटातून एक वेल उगवली आणि तिने सारा आशिया झाकून टाकला. ज्योतिषांनी अर्थ सांगितला, की हिचा मुलगा तुझे राज्य घेईल. राजाने मुलीला बाळंतपणासाठी माहेरी आणवले आणि जन्मलेला नातू मारून टाकण्यासाठी हार्पागस नावाच्या आपल्या विश्वासू सरदाराच्या हवाली केला. हार्पागसचा हात उचलेना. त्याने बाळ एका गुराख्याकडे दिले. गुराख्याच्या बायकोला त्याच दिवशी मेलेले मूल झाले होते. तिने हे राजाचे मूल पदराखाली घेतले आणि आपले मृत बाळ त्याच्या जागी रानात ठेववले. वर्गात मी एवढे सांगतो न सांगतो तोच मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘‘कंस!’’ आणि सगळा वर्ग हसतो.

मुलगा दहा वर्षांचा झाला. गावच्या पोरांत राजा-राजा खेळताना हा राजा झाला आणि हुकूम मोडणाऱ्या एका सरदाराच्या मुलाला त्याने फोडून काढले. तक्रार दरबारात गेली, आजोबांनी नातवाला ओळखले. ज्योतिषी म्हणाले, पोरांच्या खेळात का होईना, तो राजा होऊन गेला. आता भीती नाही. नातू वाचला. पण हार्पागसला राजाने जेवायला बोलावले आणि त्याच्याच मुलाचे मांस त्याला वाढले. जेवण झाल्यावर टोपलीवरचे झाकण काढून मुलाचे डोके दाखवले. हार्पागस काही बोलला नाही. राजा जे करील ते गोडच, असे म्हणून उरलेले गोळा करून तो घरी गेला.

पुढे नातू मोठा झाल्यावर याच हार्पागसने सशाच्या पोटात चिठ्ठी शिवून त्याला निरोप धाडला, की तू उठाव कर, सेना मी तुझ्याकडे वळवतो. सायरसने आपल्या इराणी लोकांना कोयते घेऊन बोलावले आणि कोसभर काटेरी रान एका दिवसात साफ करायला लावले. दुसऱ्या दिवशी वडिलांची शेरडेमेंढरे, गुरे कापून त्यांना पोटभर मेजवानी दिली, मद्य पाजले. मग विचारले, कालचा दिवस बरा की आजचा? आजचा हवा असेल तर माझ्यामागे या. आणि अस्त्यागसने, ज्याचा मुलगा त्याला खायला घातला होता त्या हार्पागसलाच सेनापती करून पाठवले!

कथा झकास आहे. मी लिहिली असती तर मला अभिमान वाटला असता. पण फारच बेताने बसवलेली आहे, आणि हिरोडोटस प्रामाणिकपणे सांगतो की सायरसची हकीकत आणखी तीन तऱ्हांनी सांगतात. त्या मातीच्या लेखात सायरस आपल्या बापाचे, आजोबाचे, पणजोबाचे नाव देतो. तिघेही अनशानचे राजे. गुराख्याची झोपडी नाही, स्वप्न नाही, मीडियाचा आजोबाही नाही. मात्र बाबिलोनच्या देवळांतल्या लेखनिकांनी वर्षवार नोंदी ठेवलेली एक बखर मातीच्या विटेवर टिकून राहिली आहे. तिच्यातल्या ओळी हिशेबाच्या वहीसारख्या कोरड्या. त्यांचा मतलब असा: इ. स. पूर्व ५५० च्या सुमारास अस्त्यागस सेना घेऊन अनशानच्या राजावर चालून गेला. त्याच्याच सेनेने बंड केले, त्याला पकडले आणि सायरसच्या स्वाधीन केले. सायरसने त्याच्या राजधानीतले सोनेनाणे उचलून अनशानला नेले. बस्स. म्हणजे सशाच्या पोटातली चिठ्ठी खरी असो वा खोटी, राजाच्या पायाखालची सतरंजी त्याच्याच माणसांनी ओढली एवढे खरे. फितुरीचा इतिहास आपल्याला काही नवा नाही.

मीडिया पडल्यावर तिची सीमा ती सायरसची सीमा झाली, आणि तो लिडियाच्या राजाला, क्रीससला, भिडला. हा क्रीसस म्हणजे त्या काळचा कुबेरच. सोन्याची आणि चांदीची वेगवेगळी, शुद्ध नाणी पाडणारा हा पहिला राजा. याने ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवाला कौल लावला: सायरसवर जाऊ का? कौल मिळाला, की नदी ओलांडलीस तर एक मोठे राज्य बुडेल. कोणाचे बुडेल हे त्याने विचारले नाही. नदी ओलांडली, लढाई झाली, पण निकाल लागेना. हिवाळा तोंडावर आला तसा क्रीसस आपल्या सार्डिस राजधानीला परतला, भाडोत्री फौजांना त्याने रजा दिली, आणि पाचव्या महिन्यात सारे पुन्हा जमा असे मित्रांना कळवून स्वस्थ बसला. हिवाळ्यात कोणी लढत नसते ना!

सायरस त्याच्या मागोमाग सार्डिसच्या मैदानात येऊन उभा राहिला. लिडियाचे घोडदळ नावाजलेले. तेव्हा हार्पागसच्या सल्ल्याने सायरसने सामान वाहणाऱ्या उंटांवरचे ओझे उतरवले, त्यांच्यावर स्वार बसवले आणि ते पुढे काढले. उंटाचा वास नाकात जाताच लिडियाचे घोडे बिथरले, उधळले. स्वार बिचारे उतरून पायी लढले. पण ते व्हायचे ते झाले.

सार्डिसचा किल्ला एका उभ्या कड्यावर. तेरा दिवस वेढा पडला. वर पहिला चढेल त्याला मोठे इनाम जाहीर झाले. पुष्कळ जणांनी यत्न करून पाहिले, जमेना. तेवढ्यात हिरोइआडिस नावाच्या एका शिपायाने एक क्षुल्लक गोष्ट पाहिली. कड्याच्या ज्या बाजूला पहारा नव्हता, कारण तिथून कोणी चढेल असे कोणाला वाटलेच नव्हते, त्या बाजूने लिडियाच्या एका पहारेकऱ्याचे शिरस्त्राण गडगडत खाली गेले. तो माणूस कडा उतरून खाली आला, शिरस्त्राण उचलले आणि आल्या वाटेने वर गेला. चौदाव्या दिवशी हिरोइआडिस त्याच वाटेने चढला, त्याच्यामागून दुसरे, त्यांच्यामागून आणखी, आणि सार्डिस पडले. माझ्या विद्यार्थ्यांना इथे कोंढाण्याचा कडा आठवतो आणि ते एकदम ताठ बसतात. आजच्या तुर्कस्तानात त्या जागी उत्खनन झाले आहे; त्या काळच्या जळालेल्या घरांचा थर तिथल्या मातीत सापडतो.

पुढे क्रीससला चितेवर चढवले, तो सोलोन या ग्रीक ज्ञानी पुरुषाचे नाव तीनदा पुकारून ओरडला, सायरसचे मन पालटले, अवचित पाऊस येऊन चिता विझली, असे हिरोडोटस सांगतो. त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. चितेवरून उतरलेल्या क्रीससने विचारले, की हे तुमचे लोक एवढ्या धांदलीने काय करताहेत? सायरस म्हणाला, तुझे शहर लुटताहेत. क्रीसस म्हणाला, माझे कुठले आता? तुझेच लुटताहेत! सायरसने लूट थांबवली. खरे असो वा नसो, यात सायरसची सगळी रीत आली आहे. जिंकलेली वस्तू आता आपली झाली. ती मोडायची कशाला? लिडियाची नाणी पुढेही सार्डिसला पडतच राहिली. मीडियाचे सरदार त्याचे सेनापती झाले. आणि पुढे किनाऱ्यावरची ग्रीक शहरे त्याला जिंकून दिली ती कोणी? त्याच हार्पागसने.

ही शहरे आयोनियन ग्रीकांची. आपला ‘यवन’ हा शब्द यांच्याच नावावरून, इराणी लोकांच्या तोंडून, आपल्याकडे आला. लढाईआधी सायरसने त्यांना निरोप धाडला होता, की क्रीससला सोडा आणि माझ्याकडे या. ते आले नाहीत. सार्डिस पडल्यावर मात्र धावत आले, की आम्हांला क्रीससच्या वेळच्याच अटींवर ठेवा. सायरसने त्यांना गोष्ट सांगितली: एका पावा वाजवणाऱ्याने समुद्रातले मासे पाहून पावा वाजवला, की ते नाचत बाहेर येतील. आले नाहीत. मग त्याने जाळे टाकून ते ओढून काढले, आणि ते तडफडू लागले तेव्हा तो त्यांना म्हणाला, की आता कशाला नाचता?

उदार राजाच्या तोंडची ही गोष्ट नीट ऐकावी. उदारता होती, पण वेळेवर येणाऱ्याला.

हार्पागस एकेका शहराच्या तटाला मातीचा उतार लावून आत शिरे. फोकिया शहराला त्याने सांगितले, की तटाचा एक बुरूज पाडा, एक घर राजाच्या नावे करा, पुष्कळ झाले. फोकियाच्या लोकांनी विचाराला एक दिवस मागून घेतला, आणि त्या दिवसात बायकापोरे, सामानसुमान, देवांच्या मूर्ती जहाजांत भरून ते निघून गेले. हार्पागसला रिकामे शहर मिळाले. पुढे ते एकदा परत आले, इराण्यांनी ठेवलेला पहारा त्यांनी कापला, लोखंडाचा एक गोळा समुद्रात टाकला आणि शपथ वाहिली, की हा गोळा तरंगून वर येईल तेव्हाच आम्ही फोकियाला परतू. पण शपथ घेऊन निघालेल्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना वाटेत गावाची आठवण आवरेना. ते शपथ मोडून परतले. हे वाक्य वाचले त्या रात्री मी पुढे वाचूच शकलो नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांनी गाव सोडलेले आहे.

झँथस शहरात याहून वाईट झाले. तिथल्या पुरुषांनी बायका, मुले, चाकर सगळ्यांना गढीत कोंडून गढीला आग लावली, आणि स्वतः बाहेर पडून एकूणएक लढून मेले. त्या वेळी गावाबाहेर असलेली ऐंशी कुटुंबे तेवढी वाचली.

पूर्वेकडच्या स्वाऱ्यांची हकीकत तुटक आहे. मध्य आशियातल्या सिर दर्या नदीपर्यंत त्याची ठाणी गेली. तिथे त्याच्या नावाचे एक नगर होते, ते इ. स. पूर्व ३२९ मध्ये सिकंदराने उद्ध्वस्त केले. काबूलच्या उत्तरेचे कापिशी नगर सायरसने मोडले असे प्लिनी हा रोमन लेखक लिहितो. हिंदुस्थानावर येताना मकरानच्या वाळवंटात त्याची सेना खपली आणि तो अवघ्या सात जणांनिशी सुटला, अशी एक दंतकथा सिकंदराच्या सोबत्यांनी ऐकली होती. उलट मेगॅस्थेनीस म्हणतो, की सायरस हिंदुस्थानावर आलाच नाही. ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावे.

आता बाबिलोन.

तिथे नाबोनिडस नावाचा राजा होता. हा काही राजवंशातला नव्हे. त्याची सारी भक्ती चंद्रदेव सिन याच्यावर. शहराचा कुलस्वामी मात्र मार्दुक. त्यातून हा राजा दहा वर्षे राजधानी सोडून अरबस्तानातल्या तैमा नावाच्या ओॲसिसमध्ये जाऊन राहिला, आणि कारभार मुलाकडे, बेलशस्सरकडे दिला. राजा गावात नाही म्हणजे नववर्षाचा उत्सव नाही, मार्दुकाची मिरवणूक नाही. ती बखर वर्षामागून वर्ष तेवढीच ओळ लिहीत जाते: राजा तैमात, उत्सव झाला नाही. आषाढीला पालखी निघाली नाही तर आपल्या लोकांना जे वाटेल ते त्या लोकांना वाटत असणार. आणि देवळाचे पुजारी तर हातात लेखणी घेऊन बसलेले. पुढे राजा परतला, उत्सव झाला, पण मने फाटली ती फाटलीच. सायरस येणार असे दिसताच नाबोनिडसने गावोगावचे देव राजधानीत आणून ठेवले. त्याचा हेतू रक्षणाचा असेल. गावांना मात्र आपला देव पळवला असेच वाटले असेल.

हिरोडोटस सांगतो, की बाबिलोनच्या वाटेवर एका नदीत सायरसचा पवित्र पांढरा घोडा बुडाला. त्याला असा राग आला, की एक सबंध उन्हाळा सेनेला कामाला लावून त्याने त्या नदीचे ३६० पाट फोडले. बाईमाणसाने गुडघा न भिजवता ओलांडावी अशी तिची दशा करून टाकली. मग युफ्रेटिसचे पाणी दुसरीकडे वळवून त्याची माणसे नदीच्या पात्रातून शहरात शिरली, आत लोक सणात नाचत होते. बायबलात याच रात्री बेलशस्सराच्या मेजवानीत भिंतीवर हाताची बोटे लिहू लागतात.

बखर यातले काही सांगत नाही. आपल्या आश्विनाच्या सुमाराला पडणारा त्यांचा तश्रितू महिना, इ. स. पूर्व ५३९. चौदा तारखेला सिप्पार शहर न लढता घेतले, नाबोनिडस पळाला. सोळा तारखेला ग्युटियमचा सुभेदार उग्बारू आणि सायरसची सेना न लढता बाबिलोनमध्ये शिरली. देवळाच्या दारांवर ढालाईत उभे राहिले, पण एकही पूजा चुकली नाही. सतरा दिवसांनी सायरस स्वतः आला; त्याच्या वाटेवर हिरव्या डहाळ्या अंथरल्या होत्या. इथपर्यंत मी काचेसमोर सांगितले ते सारे बरोबर आहे.

पण त्याच बखरीत, याच नोंदींच्या अगदी वर, आणखी एक ओळ आहे. त्याच तश्रितू महिन्यात, तायग्रिस नदीकाठच्या ओपिस गावाशी सायरसने बाबिलोनच्या सेनेशी लढाई केली. लोक मागे हटले. त्याने लूट नेली आणि माणसे कापून काढली. या ओळीच्या वाचनावर पंडितांत वाद झाले, पण बहुतेकांनी शेवटी हाच अर्थ धरला आहे. महिना पहा: तोच. चौदा तारखेच्या आधी. म्हणजे ओपिसची बातमी आणि सायरसची सेना या दोन्ही गोष्टी सिप्पारच्या आणि बाबिलोनच्या दरवाजाशी पंधरवड्याच्या आत येऊन पोचल्या होत्या.

दरवाजावर कोणी नव्हते का? होते. त्यांना ओपिस ठाऊक होते. लढाई बाबिलोनला झाली नाही, कारण ती आधीच ओपिसला होऊन गेली होती.

आणि दरवाजा उघडायला आत-बाहेर माणसेही असणार. उग्बारू हा कोण? झेनोफन नावाच्या दुसऱ्या ग्रीक लेखकाच्या सायरसचरित्रात गोब्रियस नावाचा एक म्हातारा सरदार येतो. राजपुत्राने शिकारीत त्याच्या मुलाला मारले, म्हणून तो सायरसला मिळतो आणि शहर घेताना पुढे असतो. हाच उग्बारू, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत. मला, कादंबरीकाराला, दचकायला झाले ते वेगळ्या कारणाने. हार्पागसचा मुलगा राजाने मारला. गोब्रियसचाही मुलगा राजघराण्यानेच मारला. दोन वेगळे लेखक, दोन वेगळी राज्ये, आणि दरवाजा उघडणारा दोन्हीकडे एक पोरका झालेला बाप. कथेत मीठमसाला असेल. पण लोकांना त्या विजयांचे मर्म कुठे दिसत होते, ते यावरून कळते.

आता त्या मातीच्या मृदंगाकडे पुन्हा पाहू. होर्मुझ्द रस्साम याने १८७९ मध्ये तो बाबिलोनच्या ढिगाऱ्यातून काढला. त्यातल्या ४५ ओळी बाबिलोनी भाषेत, बाबिलोनच्या लेखनिकांनी लिहिलेल्या. त्या म्हणतात, की नाबोनिडसने देवाला दुखवले. मार्दुकाने सगळे देश धुंडाळून एक न्यायी राजा शोधला, त्याचा हात धरला आणि मित्रासारखा बरोबर चालत त्याला लढाईवाचून आपल्या शहरात आणले. पुढे सायरस स्वतः बोलतो: माझी सेना शांतपणे वावरली, कोणाला मी भिववू दिले नाही, उजाड देवस्थानांचे देव मी त्यांच्या घरी परत पाठवले. १९७१ मध्ये इराणच्या शहांनी अडीच हजार वर्षांचा सोहळा केला, तेव्हा याला मानवी हक्कांची पहिली सनद म्हणून मिरवले आणि त्याची एक प्रतिकृती संयुक्त राष्ट्रांना दिली. अभ्यासक म्हणतात, असे जाहीरनामे काढण्याची बाबिलोनच्या राजांची जुनीच चाल होती. ज्यूंचे नावही यात नाही. मात्र त्यांना जेरुसलेमला परतून इ. स. पूर्व ५८६ मध्ये मोडलेले मंदिर पुन्हा बांधण्याची मोकळीक त्याने दिली, असे बायबल सांगते, आणि यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात या परधर्मी राजाला परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले आहे. पन्नास वर्षे परमुलखात काढलेल्यांनी दिलेली ही पदवी मी हलकी मानणार नाही. देव घरी गेले हे खरे, माणसेही गेली हे खरे. ४५ ओळींत ओपिस कुठे नाही, हेही तितकेच खरे.

सायरस इ. स. पूर्व ५३० मध्ये मेला. कसा मेला याच्याही कथा तीन-चार. झेनोफन त्याला अंथरुणावर, मुलांना उपदेश करता करता शांतपणे मरू देतो. हिरोडोटसच्या कथेत तो मसागेटी नावाच्या भटक्या लोकांवर चालून जातो. त्यांची राणी टोमिरिस. नदी ओलांडल्यावर सायरसने एक छावणी मांडली, तिच्यात पक्वान्ने आणि मद्याचे बुधले भरून ठेवले, आपल्या सेनेतले सर्वांत कुचकामी शिपाई तिथे ठेवले आणि बाकीच्यांना घेऊन मागे सरला. मसागेटी आले, त्या शिपायांना मारून खायला-प्यायला बसले, आणि झिंगून झोपले तेव्हा सायरस परतला. राणीचा मुलगा पकडला गेला. शुद्धीवर आल्यावर हात मोकळे होताच त्याने जीव दिला. मग राणी स्वतः आली. त्या लढाईत सायरस पडला. राणीने रणात त्याचे प्रेत शोधून काढले आणि रक्ताने भरलेल्या पखालीत त्याचे डोके बुडवले.

तरीही त्याची कबर इराणात पसारगदीला आहे. सहा पायऱ्यांच्या चौथऱ्यावर दगडी छपराची एक लहानशी खोली. सिकंदर इ. स. पूर्व ३२४ मध्ये तिथे दुसऱ्यांदा आला तेव्हा ती फोडलेली, लुटलेली होती. त्याने ती दुरुस्त करवली. पुढे शेकडो वर्षे आसपासचे लोक ती सुलेमानाच्या आईची कबर समजत होते.

गेल्या वर्षी तो रखवालदार विद्यार्थी शाळेत भेटायला आला. दहावी होऊन त्याला पुष्कळ वर्षे झाली. आता एका मोठ्या संकुलाच्या फाटकावर असतो, हाताखाली तीन माणसे आहेत. मी त्याला चहा पाजला आणि म्हणालो, ‘‘अरे, तू मागे संग्रहालयात मला एक विचारलं होतंस, त्याचं मी खोटं उत्तर दिलं होतं.’’ त्याला काही आठवत नव्हते. तरी मी त्याला सगळे सांगितले. ओपिस सांगितले, कडा सांगितला, ती पक्वान्नांची छावणी सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता.

‘‘गुरुजी, तो शिरस्त्राण आणायला उतरला होता, त्याचं नाव काय?’’

‘‘त्याचं नाव लिहिलेलं नाही.’’

‘‘आणि वर चढला त्याचं?’’

‘‘त्याचं आहे. हिरोइआडिस.’’

तो हसला. घड्याळाकडे पाहून म्हणाला, की आठच्या आत पोचले पाहिजे, फाटकावरचा माणूस बदलायचा आहे. टोपी उचलून तो जिना उतरून गेला.